वाघाला टॉर्च लागत नाही

मूलला माझ्या धाकट्या भावाचं घर वस्तीच्या शेवटाला आहे. मागच्या अंगणाची भिंत संपली की धानाच्या बांध्या, बांध्यांपलीकडे नाला, नाल्यापलीकडे झाडी. गेल्या दिवाळीत तिथे मुक्काम होता. रात्री साडेदहाच्या सुमाराला आठवीतली पुतणी हातातलं पुस्तक न मिटताच उठली आणि मागची खिडकी लावून आली. नाल्याकाठी पगमार्क दिसल्याची चर्चा त्या आठवड्यात गावात चालूच होती. म्हणून मी विचारलं, "वाघाची भीती वाटली का गं?" शहरातून पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं.

"वाघाले टॉर्च कायले लागते जी, मोठेबाबा?"

पुस्तक सत्यजित रायांचं होतं. अशोक जैनांनी मराठीत आणलेल्या, रोहन प्रकाशनाच्या फेलूदा मालिकेतली 'रॉयल बेंगॉल'ची गोष्ट. मी ती दोनदा वाचली होती, त्यातला चोर-साव सगळा पाठ होता, आणि तरी या गोष्टीतलं भय नेमकं कुठे ठेवलंय हे मला त्या रात्रीपर्यंत कळलं नव्हतं. तिला पहिल्याच वाचनात कळलं.

ती जिथे थांबली होती तो प्रसंग असा. उत्तर बंगालातला डुआर्सचा पट्टा, भूतानच्या पायथ्याचं जंगल. तिथल्या एका जुन्या जमीनदाराच्या वाड्यात फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि थरारकथा लिहिणारे लालमोहनबाबू पाहुणे म्हणून उतरलेत. जंगलात नरभक्षक वाघ फिरतोय. रात्र झाली आहे, आणि खिडकीतून दिसतं की दूर झाडीत एक उजेड हलतोय. बस, एवढंच. किंकाळी नाही, सावली नाही, रक्त नाही. ज्या रानात दिवसाढवळ्या जायला माणसं दहादा विचार करतात, तिथे कुणीतरी आपल्या पायाने, आपला टॉर्च घेऊन, आपल्या कामाला चाललंय. सकाळी त्या रानात प्रेत सापडतं.

कोलकात्याच्या मुलाला या प्रसंगात जंगल दिसत असणार. मूलच्या मुलीला जंगल रोजच दिसतं, त्यामुळे तिला त्यातला फक्त टॉर्च दिसला. लेखकाला हाच वाचक हवा असणार, असं मला आता वाटतं.

ही कादंबरी १९७४ साली 'देश' साप्ताहिकाच्या पूजा अंकात आली. आपल्याकडे दिवाळी अंक तसा त्यांच्याकडे पूजा अंक. घरातल्या मोठ्यांच्या हातून मुलांनी पळवायचा आणि मुलांच्या हातून मोठ्यांनी. फेलूदा त्याआधी नऊ वर्षं, १९६५ मध्ये, 'संदेश' या मुलांच्या मासिकात जन्मला. हे मासिक रायांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोरांनी, १९१३ मध्ये काढलेलं आणि बंद पडल्यावर नातवाने १९६१ मध्ये पुन्हा उभं केलेलं. मराठी वाचकाला फेलूदा तसा परका नाही. १९७३ च्या गोष्टीत तो वेरूळच्या कैलास लेण्यात येऊन गेला, पुढे मुंबईतही आला. चंद्रपूरला मात्र कधी आला नाही. तो आला नाही तरी चालेल, कारण ही एक गोष्ट आमच्याकडे घडली असती तर त्यात झाडांची नावंसुद्धा फारशी बदलावी लागली नसती.

आमच्याकडे वाघ हा विषयच वेगळा आहे. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले आणि त्यातला मोठा वाटा एकट्या चंद्रपूर जिल्ह्याचा. ताडोबा-अंधारीचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटर. वाघांना तो केव्हाच पुरेनासा झाला. ते आता ब्रह्मपुरीच्या धानात आहेत, चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या झुडपांत आहेत. एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला माणूस वाकला की तो वाघाला माणूस वाटत नाही, असं वनरक्षक सांगतात. वडसा, ब्रह्मपुरी, भंडारा या पट्ट्यात १३ माणसं मारणारा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये बेशुद्ध करून पकडला, तेव्हा त्याचं वनखात्यातलं नाव होतं सीटी-१. सीटी म्हणजे कॉन्फ्लिक्ट टायगर. बंगालात त्याला निदान 'रॉयल' म्हणतात.

आणि तो पकडायच्या आधी जे चालतं ते फेलूदाच्याच धंद्यातलं काम आहे. कोणत्या वाघाने मारलं? एका रानात चार वाघ असतात. मग पगमार्क मोजायचे, ट्रॅप कॅमेऱ्यातले पट्टे जुन्या फोटोंशी ताडून बघायचे, जखमेवरची लाळ तपासायला पाठवायची, पंचनामा करायचा. चुकीचा वाघ पकडला तर खरा मोकळाच राहतो. गावातल्या प्राथमिक कृती दलाचे पोट्टे हे सगळं बघत मोठे होतात. त्यामुळे कादंबरीत जेव्हा प्रेतावर वाघाच्या खुणा सापडतात आणि त्यांच्या सोबतीला एक जखम अशी सापडते की जी नखांची नाही, दातांची नाही, धारदार हत्याराची आहे, तेव्हा आमच्याकडच्या वाचकाच्या मनात लगेच पंचनामा सुरू होतो. वाघाने आधी की हत्याराने आधी? वाड्यातली जुनी तलवार जागेवर नाही हे नंतर कळतं. दोन संशयित: एक चार पायांचा, एक दोन पायांचा. रायांनी गोष्टीचा सगळा ताण या दोघांच्या मधोमध टांगून ठेवला आहे आणि तो ते शेवटपर्यंत खाली उतरू देत नाहीत.

मेलेला माणूस वाड्याच्या मालकाचा चिटणीस आहे. तरुण, शिकलेला, वाङ्मयाची आवड असलेला, नाव तडित सेनगुप्त. रायांची एक गंमत इथे सांगून टाकतो; ज्याला शेवट कळायला नको असेल त्याने ती विसरून जावी. संस्कृत थोडंफार कानावरून गेलेल्या मराठी माणसाने हे नाव जरा थांबून वाचावं. लेखकाने उत्तर गोष्टीच्या पोटात लपवलेलं नाही, पहिल्या ओळखीतच वाचकाच्या हातात ठेवलं आहे, आणि तरी कुणाचं तिकडे लक्ष जात नाही.

आता मालक. महीतोष सिंहराय हे मोठे शिकारी, आणि त्याहून मोठं म्हणजे शिकारकथांचे लेखक. दिवाणखान्यात भिंतीवर वाघांची मुंडकी, खाली कातडी, कपाटात पुस्तकं. सोबत बालमित्र शशांक सान्याल, एक माधवलाल नावाचा शिकारी, आणि वाड्याच्या दुसऱ्या अंगाला थोरले भाऊ देवतोष, ज्यांचं डोकं फिरलेलं आहे. सालाकडे पुन्हा एकदा बघू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. व्याघ्र प्रकल्प १९७३ चा. कादंबरी १९७४ ची. शिकार बेकायदा झाली त्यानंतर दोनच वर्षांनी शिकाऱ्याला लेखक करून राय पूजा अंकात आणतात. बंदुकीचं काम आता लेखणीने करायचं: वाघ मारायचा नाही, मारला होता असं लिहायचं. शिकारकथा नावाच्या वाङ्मयप्रकाराकडे इतक्या थंड डोळ्यांनी बघणारं मुलांचं पुस्तक मला दुसरं माहीत नाही.

इथून पुढे अर्धं रहस्य फुटणार आहे. पन्नास वर्षं झालेल्या गोष्टीचं थोडं रहस्य फोडायला हरकत नसावी. उरलेलं अर्धं मी सांगणार नाही.

महीतोषबाबूंनी ते वाघ मारलेले नाहीत. मारले शशांकने. आणि महीतोषबाबूंनी ती पुस्तकंही लिहिलेली नाहीत. लिहिली तडितने. म्हणजे भिंतीवरचं शौर्य एकाचं, कपाटातली शैली दुसऱ्याची, आणि नाव तिसऱ्याचं. मी कादंबरी तिसऱ्यांदा वाचली ती हे लक्षात ठेवून, आणि मग दिवाणखान्यातले प्रसंग अंगावर यायला लागले. चहा येतो, शिकारीच्या आठवणी निघतात, पाहुणे मुंडक्यांचं कौतुक करतात, आणि खोलीत बसलेल्या तिघांना ठाऊक आहे की या भिंतीवरचं काहीच खरं नाही. तिघंही गप्प. काचेच्या डोळ्यांचे वाघ वरून बघताहेत. झाडीतल्या टॉर्चइतकाच हाही प्रसंग भयाण आहे. फरक इतकाच की तो पहिल्या वाचनात कळत नाही.

रायांची हातोटी इथे दिसते. भयकथा लिहिणारा बहुतेक वेळा भय वाढवत नेतो: आधी आवाज, मग सावली, मग हात. राय भयाची जागा बदलतात. आधी ते जंगलात आहे असं वाटतं. मग वाटतं देवतोषबाबूंच्या खोलीत आहे, कारण ते अवेळी दारात येऊन उभे राहतात आणि कालापहाड कुठे गेला असलं काहीतरी विचारतात. शेवटी ते सापडतं सर्वांत उजेडाच्या, सर्वांत सभ्य खोलीत. आणि जागा बदलताना आवाज एकदाही चढत नाही. तोपशे सगळं सांगतो तेही सहलीचा वृत्तांत सांगावा तसं: काय खाल्लं, कोण कुठे बसलं, लालमोहनबाबू कशाला दचकले. लालमोहनबाबूंचं दचकणं तर मुद्दाम पेरलेलं आहे. वाचक त्यांना हसतो, आणि हसताना त्याचं एका ओळीकडे दुर्लक्ष होतं. मागाहून बघावं तर महत्त्वाची ओळ तीच निघते.

अशी एक ओळ देवतोषबाबूंच्या तोंडी आहे. युधिष्ठिराच्या रथाचं चाक जमिनीला टेकलं, अशा अर्थाचं ते काहीतरी बोलून जातात. सगळे वेड्याचं बोलणं म्हणून सोडून देतात. मराठी वाचकाने सोडायचं कारण नाही. 'नरो वा कुंजरो वा' आपल्याकडे शाळकरी पोराला ठाऊक असतं. चार बोटं अधांतरी चालणारा रथ एका अर्धसत्याने खाली आला. घरात कोणीतरी खोटं बोलतंय एवढंच थोरला भाऊ सांगतोय, फक्त त्याला ते महाभारतातूनच सांगता येतं. वाड्यातला एकटा खरं बोलणारा माणूस वेडा आहे. राय यावर भाष्य करत नाहीत, एक शब्द जास्त लिहीत नाहीत, पुढच्या प्रसंगाला लागतात. मला कादंबरीतली ही जागा सर्वांत आवडते. नुसतं रहस्य सोडवायला पुस्तक हातात घेणारा ती वाचून विसरतो. पुन्हा वाचणाऱ्यासाठी ती ठेवलेली आहे.

आणि मग ते कोडं. वाड्याच्या एका पूर्वजाने गुप्तधनाची जागा एका कवितेवजा कोड्यात लिहून ठेवलीय, आणि फेलूदाला बोलावलंय ते त्यासाठी. कादंबरी सुरूच या कोड्याने होते. ते गोष्टीत खरं पुढे यायचं आहे, पण फेलूदाच तोपशेला सांगतो की लिहिताना आधी ते टाक, वाचकाला गुदगुल्या होतील. कोडं मी इथे देत नाही. पण त्यातल्या दोन गाठी सांगतो, कारण त्या मला चंद्रपुरात सुटल्या, त्याही बंगाली कॅम्पात.

मूल रोडवरचा बंगाली कॅम्प चंद्रपूरकरांना सांगायला नको. पूर्व पाकिस्तानातून आलेली निर्वासित कुटुंबं तेव्हाच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यात वसवली गेली. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला, त्यामुळे मुलचेरा आणि चामोर्शीकडची बंगाली गावं आता त्या जिल्ह्यात मोजतात. माझा एक शाळूसोबती कॅम्पातला. घरात बंगाली, बाजारात आमच्यासारखीच 'करून राहिलो, जाऊन राहिलो'ची मराठी. मूलहून परत आल्यावर मी त्याच्याकडे गेलो. मूळ बंगाली पुस्तक त्याच्या घरी होतं. त्याने कोडं मोठ्याने वाचलं आणि मध्येच हसायला लागला.

एका ओळीत 'भात' आहे आणि 'पाच' आहे. भात म्हणजे अन्न, पाच म्हणजे पंच. बंगालीत पंचावन्नला 'पञ्चान्न' म्हणतात. झालं, इतके हात मोजायचे. मराठीत आपल्या आकड्यात एक 'व' आडवा येतो, नाहीतर कोडं जसंच्या तसं इकडे चाललं असतं. धानाच्या या मुलखात पाच भातांचं पंचावन्न व्हावं, याहून योग्य काय? दुसरी गाठ तर भाषांतराशिवायच सुटते. दिशा कोणती, ते 'जवाब' सांगेल, असं कोडं म्हणतं. जवाब म्हणजे उत्तर. सोबती म्हणाला, "आमचं उत्तर आणि तुमचं उत्तर एकच, बे." पुढे फाल्गुन येतो, आणि फाल्गुन हे अर्जुनाचं नाव. आमच्याकडे कोणत्याही नाल्याकाठी जा, पांढुरक्या सालीचा अर्जुन उभा असतोच. उरलेलं झाड तुमचं तुम्ही शोधा.

या कोड्याचं सौंदर्य असं की ते नुसत्या हुशारीने सुटत नाही. शब्द सुटतील, पण जागा सापडायची तर ते रान पायाखालचं असावं लागतं: कोणत्या झाडाचं खोड कसं दिसतं, कुठे काय जोडीने उभं आहे. आमच्या झाडीत चकवा लागतो म्हणतात. माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच झाडाखाली येतो. कोडं हा त्या चकव्यावरचा उतारा आहे. झाड ओळखलं की दिशा सापडली. तडितला ते सुटलं होतं. म्हणून टॉर्च.

आता तक्रार. या कादंबरीत बाई नाही. फेलूदाच्या जगात त्या जवळजवळ नसतातच, आणि त्याची सवय करून घ्यावी लागते, पण माझ्या पुतणीने ती करून घ्यायचं कारण मला दिसत नाही. तिने पुस्तक संपवल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला. दुसरी तक्रार माझी. त्या जंगलात राहणारी, लाकूडफाटा आणणारी, वाघाच्या तोंडी जाणारी माणसं गोष्टीत येतात ती बातमीसारखी. एक माधवलाल सोडला तर त्यांना चेहरा नाही. ताडोबाच्या तळ्याकाठी देऊळ आहे ते कोणाचं? वाघाशी झुंजताना मेलेल्या तारू नावाच्या गावप्रमुखाचं, अशी आदिवासींची श्रद्धा आहे. मरणारा इथे देव झाला आणि अख्ख्या जंगलाला त्याचं नाव मिळालं. वाड्याच्या खिडकीतून बघणाऱ्या गोष्टीला ही बाजू दिसत नाही. रायांना ती दिसली नसती असं नाही. त्यांनी खिडकीच ती निवडली.

आमच्याकडून अशा गोष्टी लिहिल्या का गेल्या नाहीत, हा प्रश्न मला लहानपणापासून आहे. आमच्या हाती आलेल्या पुस्तकांत फास्टर फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकायचा, आणि रहस्य म्हटलं की ते त्या बाजूलाच घडायचं. झाडीतलं भय लिहिलं जाण्याऐवजी सांगितलं जातं, शेकोटीशी, नाहीतर वडशाहून आलेल्या नाटकाच्या तंबूबाहेर पहाटेपर्यंत जागताना. 'तुंबाड'चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना नारायण धारपांची एक कथा मित्राने सांगितली ती १९९३ मध्ये, नागझिऱ्याच्या जंगलात. सिनेमा आला २०१८ मध्ये. पंचवीस वर्षं पुरणारी भीती. ती कथा पुण्या-मुंबईच्या एखाद्या खोलीत, ट्यूबलाइटखाली ऐकली असती तर इतकी टिकली असती का, याची मला शंका आहे.

आणि चंद्रपुरात तर नावंसुद्धा तयार आहेत. गोंड राजांच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या, त्यातली एक चोर खिडकी आणि एक मसाण खिडकी. हा परकोट कसा उभा राहिला त्याची दंतकथा अशी की राजा खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्याच्या मागे एक ससा लागला. ससा कुत्र्यामागे. तो ज्या वाटेने धावला त्या वाटेने तट बांधला गेला. दिवाळीत पुतणीला हे सांगितलं तेव्हा ती फारसं काही बोलली नाही.

गेल्या महिन्यात तिने वहीचं एक पान फोटो काढून पाठवलं. गोष्ट अजून लिहायची आहे म्हणे, पण आधी कोडं, फेलूदाने सांगितलंय तसं. सहा ओळी. पहिल्या ओळीत चोर आहे, दुसरीत उलटा पळणारा ससा, चौथीत धानाच्या किती बांध्या ओलांडायच्या ते आहे, आणि गोष्टीत एक मुलगी असणार हेही तिने खाली वेगळ्या शाईने लिहिलंय. मी फोन करून दिशा विचारली. "जवाब नाही देणार," ती म्हणाली, आणि तिच्या मागून भावाचा आवाज आला की नाल्याकडची खिडकी लाव आता. मी अजून तिसऱ्या ओळीवर आहे.